हेंप तेल, विजया तेल, सीबीडी तेल: बाटली हातात घेतल्यावर काय तपासायचं?

छत्रपती संभाजीनगर असो, लातूर असो की नांदेड, आयुर्वेदिक दुकानात, सेंद्रिय मालाच्या दालनात आणि मोबाइलवरच्या जाहिरातींत आता ‘हेंप ऑइल’ सहज दिसतं. एक बाटली काही शेकड्यांत मिळते, दुसरी तेवढ्याच आकाराची काही हजारांत. दोन्हीवर नाव जवळजवळ सारखंच, रंग हिरवट. एक भाकरीवर घालून खायचं तेल असतं, तर दुसरं वैद्याच्या सल्ल्याशिवाय घेऊच नये असं औषध. तिसऱ्या प्रकारची बाटली जवळ सापडली तर थेट अमली पदार्थांच्या कायद्याखाली गुन्हा होतो. तिन्ही एकाच झाडापासून येतात, म्हणून गोंधळ होतो.

तो सोडवायला रसायनशास्त्र शिकावं लागत नाही. झाडाच्या कोणत्या भागातून तेल काढलं, ते कोणत्या परवान्यावर विकलं जातंय आणि त्यात टीएचसी हे नशा आणणारं द्रव्य नेमकं किती, या तीन प्रश्नांची उत्तरं याच क्रमानं मिळवायची. पहिल्याचं उत्तर मिळालं नाही तर पुढच्या दोघांकडे जायचं कारणच नाही. बाटली परत ठेवून द्यायची.

पायरी १: बी की फूल?

भांग, गांजा, चरस आणि हेंप हे सगळं वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनं एकच झाड आहे: कॅनाबिस सॅटायव्हा. ज्या वाणांत नशा आणणारं टीएचसी, म्हणजे टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल, अगदी कमी असतं त्यांना हेंप म्हणतात. उत्तराखंडनं औद्योगिक लागवडीसाठी ०.३ टक्क्याची मर्यादा ठरवली आहे आणि अमेरिकेच्या २०१८च्या शेती कायद्यातही वाळलेल्या झाडासाठी हाच आकडा आहे. म्हणजे हेंप ही वेगळी जात नव्हे. एका आकड्याच्या खाली राहणाऱ्या झाडांना दिलेलं ते नाव आहे.

तेलाच्या बाबतीत मात्र वाणापेक्षा भाग महत्त्वाचा. टीएचसी आणि सीबीडी, म्हणजे नशा न आणणारं कॅनाबिडिऑल, ही द्रव्यं झाडाच्या चिकट राळेत असतात. मादी फुलोऱ्यावर आणि त्याच्या आसपासच्या लहान पानांवर टाचणीच्या डोक्यासारख्या सूक्ष्म ग्रंथी असतात, त्यांत ही राळ तयार होते. बियांच्या आत या ग्रंथी नसतात. बियांचं तेल म्हणजे तिळाच्या किंवा जवसाच्या तेलासारखं साधं खाद्यतेल. त्यात नशा नाही आणि सीबीडीही नावालाच. त्यात जे थोडंफार सापडतं ते मळणीच्या वेळी सालीला चिकटून आलेल्या राळेचं.

फुलोऱ्यातून किंवा पानांतून काढतात तो अर्क. त्यासाठी घाणा चालत नाही. दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड किंवा अल्कोहोल वापरून राळ विरघळवतात, ती गोठणबिंदूच्या बऱ्याच खाली थंड करून मेण वेगळं काढतात, उष्णता देऊन आम्लरूपातली द्रव्यं सक्रिय करतात आणि शेवटी तो घट्ट अर्क तिळाच्या तेलात किंवा खोबऱ्यापासून काढलेल्या एमसीटी तेलात मिसळतात. बाटलीतलं बहुतेक तेल हे असं वाहक तेलच असतं. हा अर्क घरी काढायचे व्हिडिओ पाहून गॅस किंवा स्पिरिटचे प्रयोग कुणी करू नयेत. ब्युटेन वायू खोलीत साचतो आणि एका ठिणगीनं भडका उडतो. राळ वेगळी काढली की कायद्यानं ते चरस ठरतं, ही गोष्ट निराळीच.

मराठवाड्यातला एक खास गोंधळ

इंग्रजीत अंबाडीला ‘डेक्कन हेंप’ आणि तागाला, म्हणजे आपल्या बोरूला, ‘सन हेंप’ म्हणतात. दोन्हींपासून दोरखंडाचा धागा निघतो म्हणून ही नावं पडली. भांगेच्या झाडाशी त्यांचं काहीही नातं नाही. अंबाडी भेंडी-कापसाच्या कुळातली, ताग तूर-हरभऱ्याच्या. दोन्हींत ना टीएचसी असतं, ना सीबीडी. ‘सन हेंप’चं बियाणं हिरवळीच्या खतासाठी आणलं म्हणून घाबरायचं कारण नाही, आणि अंबाडीच्या नावावर कुणी ‘हेंप औषध’ विकत असेल तर तेही घ्यायचं नाही.

अंबाडीचं पान दुरून भांगेसारखं दिसतं हे खरं. जवळून पाहिलं की फरक कळतो. अंबाडीचं पान एकसंध असून त्याला खोल कापे असतात. भांगेच्या पानात करवतीसारख्या कडांच्या सुट्या पर्णिका देठाच्या टोकाला एकत्र येतात. अंबाडीच्या खोडाला बारीक काटे असतात, पान आंबट लागतं, आणि फूल मोठं, फिकट पिवळं, मध्यभागी गडद लाल असतं. भांगेची फुलं बारीक, हिरवी. दुरून फूल म्हणून ओळखूच येत नाहीत.

पायरी २: समोरचं मोठं नाव सोडा, मागची घटकांची यादी वाचा

समोरच्या बाजूला काय छापायचं हे विक्रीवाले ठरवतात. खरं काय ते मागे बारीक अक्षरात असतं.

‘हेंप सीड ऑइल’, ‘कोल्ड प्रेस्ड हेंप सीड ऑइल’, ‘भांग बीज तेल’ असं लिहिलं असेल तर ते बियांचं तेल. साबण, शाम्पू, क्रीम यांच्या यादीत ‘कॅनाबिस सॅटायव्हा सीड ऑइल’ दिसलं तरी ते बियांचंच. सौंदर्यप्रसाधनांत घटकाचं शास्त्रीय नाव द्यायची पद्धत आहे. ‘सीड’ हा शब्द आहे की नाही, एवढंच तिथं पाहायचं.

‘विजया अर्क’, ‘विजया पत्र अर्क’, ‘कॅनाबिस लीफ एक्स्ट्रॅक्ट’, ‘फुल स्पेक्ट्रम’, ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ असे शब्द आले की तो अर्क. विजया हे भांगेचं आयुर्वेदातलं जुनं नाव. फुल स्पेक्ट्रम म्हणजे टीएचसीसह झाडातली सगळी द्रव्यं आहेत, ब्रॉड स्पेक्ट्रम म्हणजे टीएचसी बरंचसं काढून टाकलं आहे, आणि आयसोलेट म्हणजे फक्त शुद्ध सीबीडी. हे व्यापारातले शब्द आहेत. ‘ब्रॉड’ लिहिलं म्हणजे टीएचसी शून्य असा अर्थ धरू नका.

नुसतं ‘हेंप ऑइल’ लिहिलेली बाटली सगळ्यात जास्त फसवते. बियांचं तेल अर्काच्या भावात विकायचं असेल तर हाच शब्द सोयीचा पडतो. त्वचा, केस, झोप, सांधे, चिंता अशी लांबलचक यादी पुढे आणि घटकांत फक्त बियांचं तेल, असा माल बाजारात आहे. ते तेल वाईट नसतं, पण त्याचे पाचपट पैसे द्यायची गरज नाही.

पायरी ३: परवाना कोणता?

खाण्याच्या तेलावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, म्हणजे एफएसएसएआयचा, १४ आकडी क्रमांक असलाच पाहिजे. भांगेचं बी, बियांचं तेल आणि बियांचं पीठ अन्न म्हणून विकायला प्राधिकरणानं २०२१च्या नोव्हेंबरमध्ये मान्यता दिली. ही मान्यता फक्त बियांना आहे. फुलं, पानं किंवा त्यांचा अर्क अन्न म्हणून विकता येत नाही. म्हणून एफएसएसएआयचा क्रमांक असलेल्या बाटलीवर ‘फुल स्पेक्ट्रम सीबीडी’ असं लिहिलं असेल, तर दोहोंपैकी एक गोष्ट चूक आहे. खाद्यतेलाच्या वेष्टनावर नशेचं सूचन करता येत नाही आणि हिरव्या पंजासारख्या पानाचं चित्रही छापता येत नाही. असं चित्र दिसलं तर उत्पादकानं नियम वाचलेला नाही एवढं नक्की, आणि ज्यानं नियम वाचला नाही त्यानं मालाची तपासणी केली असेल का हा प्रश्न विचारायलाच हवा.

अर्काच्या बाटलीवर ‘आयुर्वेदिक औषध’ असे शब्द, राज्याच्या परवाना प्राधिकरणाचा उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि प्रत्येक घटकाचं प्रमाण हवं. औषधं व सौंदर्यप्रसाधनं नियमांच्या अनुसूची ई-१ मध्ये विषारी मानलेल्या वनस्पतींची यादी आहे. त्यात धोतरा, बिब्बा, अफू यांच्याबरोबर भांगही आहे. या यादीतलं द्रव्य असलेल्या औषधावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ असा इशारा छापणं बंधनकारक आहे. तो नसेल तर बाटली नाकारा. आपल्याकडे बिब्बा कसा जपून वापरतात हे घरातली वडीलधारी माणसं सांगतील. त्याच यादीतलं हे औषध आहे, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ चुका टळतात.

दोन्हींपैकी एकही क्रमांक नसलेली बाटली किती का स्वस्त असेना, कुणीही दिलेली असो, घेऊ नका.

पायरी ४: एककांचा घोळ

इथं शिकलेली माणसंही चुकतात, म्हणून जरा थांबून वाचा.

अनेक बाटल्यांवर ‘टीएचसी ०.३ टक्क्यांपेक्षा कमी, म्हणून कायदेशीर’ असं अभिमानानं छापलेलं असतं. ०.३ टक्का ही शेतात उभ्या असलेल्या झाडाची मर्यादा आहे. अन्न म्हणून विकल्या जाणाऱ्या बियांच्या तेलासाठी मर्यादा आहे किलोमागे १० मिलीग्रॅम टीएचसी, म्हणजे ०.००१ टक्का. दोन्ही आकडे एकाच एककात आणून पाहा:

०.३ टक्का = किलोमागे ३,००० मिलीग्रॅम
बियांच्या खाद्यतेलाची मर्यादा = किलोमागे १० मिलीग्रॅम

तीनशे पटींचा फरक. ‘०.३ टक्क्याखाली’ हे वाक्य खाद्यतेलावर असेल तर ते समाधानाचं कारण नव्हे. पुढची चौकशी तिथूनच सुरू करायची. बियांना ही मर्यादा किलोमागे ५ मिलीग्रॅम आहे, आणि सीबीडीसाठी किलोमागे ७५ मिलीग्रॅम.

आता हेच चमच्यात उतरवू. चहाचा एक चमचा म्हणजे ५ मिली, साधारण ४.६ ग्रॅम तेल. नियमात बसणाऱ्या बियांच्या तेलाच्या एका चमच्यात टीएचसी फार तर ०.०५ मिलीग्रॅम आणि सीबीडी फार तर ०.३५ मिलीग्रॅम. एवढ्यानं नशाही येत नाही आणि सांधेदुखीही थांबत नाही. ‘सीबीडीयुक्त बियांचं तेल’ या जाहिरातीत किती दम आहे ते यावरून कळेल.

उलट बाजू पाहा. ३० मिलीच्या अर्काच्या बाटलीत खरोखर ०.३ टक्का टीएचसी असेल तर पूर्ण बाटलीत सुमारे ८५ मिलीग्रॅम, आणि एक मिलीत जवळपास ३ मिलीग्रॅम. कधीच न घेतलेल्या माणसाला अडीच ते पाच मिलीग्रॅमही जाणवू शकतं. ‘कमी’ हा शब्द बाटली कशाची यावर अवलंबून असतो.

पायरी ५: प्रयोगशाळेचा अहवाल मागा, आणि तो वाचा

चांगला विक्रेता बॅचचा तपासणी अहवाल देतो. बऱ्याच बाटल्यांवर त्यासाठी क्यूआर कोड असतो. अहवाल उघडल्यावर आधी बॅच क्रमांक बाटलीवरच्या क्रमांकाशी जुळवा. तीन वर्षांपूर्वीचा एकच अहवाल सगळ्या मालाला जोडून ठेवणं हा नेहमीचा प्रकार आहे. प्रयोगशाळेला एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता आहे का आणि ती उत्पादकापासून स्वतंत्र आहे का, तेही पाहा.

मग टीएचसीच्या ओळीकडे या. तिथं दोन आकडे असायला हवेत: टीएचसी आणि टीएचसी-ए. झाडात टीएचसी मुख्यतः आम्लरूपात, म्हणजे टीएचसी-ए म्हणून असतं. ते स्वतः नशा आणत नाही, पण तापवलं की टीएचसी होतं. तापताना त्यातला थोडा भाग कार्बन डायऑक्साइड होऊन उडतो, म्हणून एकूण टीएचसी काढायचं सूत्र असं:

एकूण टीएचसी = टीएचसी + (०.८७७ × टीएचसी-ए)

अहवालात टीएचसी ०.०५ टक्का आणि टीएचसी-ए ०.५ टक्का असेल, तर एकूण ०.०५ + ०.४४ = ०.४९ टक्का. पहिलाच आकडा वाचून बाटली उचलणाऱ्याला वाटतं की माल मर्यादेच्या खूप खाली आहे. खरं तर तो झाडाच्या मर्यादेच्याही वर आहे. तपासणी एचपीएलसी पद्धतीनं झाली असेल तर हे दोन आकडे वेगळे मिळतात. गॅस क्रोमॅटोग्राफीत नमुना तापतो, टीएचसी-एचं तिथल्या तिथं टीएचसी होतं आणि दोन्हींचा एकत्रच आकडा येतो.

‘आढळले नाही’ या शब्दांवरही लगेच विश्वास नको. यंत्र किती बारीक मोजतं हे शेजारच्या रकान्यात असतं. मोजण्याची किमान पातळीच किलोमागे १०० मिलीग्रॅम असेल, तर १० मिलीग्रॅमच्या मर्यादेबद्दल तो अहवाल काहीच सांगत नाही. बारीक पातळीवर तपासलेलं ‘आढळले नाही’च कामाचं.

यापुढे शिसं, आर्सेनिक, कॅडमियम, पारा, कीटकनाशकांचे अंश, बुरशीचं अफ्लाटॉक्सिन आणि अर्क असेल तर उरलेलं द्रावक, एवढ्या गोष्टी अहवालात असाव्यात. भांगेचं झाड जमिनीतले जड धातू चांगलेच शोषून घेतं, म्हणून धातूंची तपासणी इथं इतर तेलांपेक्षा जास्त महत्त्वाची.

घरी करायची कोणतीही परीक्षा टीएचसी दाखवत नाही. वास, रंग, कापसाची वात पेटवून पाहणं, फ्रिजमध्ये गोठवणं, यांतून तेल खवट आहे का किंवा त्यात खोबरेल मिसळलंय का एवढंच कळेल.

अर्क किती आणि सीबीडी किती?

‘१५०० मिलीग्रॅम’ असं ठळक लिहिलेलं असतं. कशाचे १५०० मिलीग्रॅम हे विचारा. विजयाच्या अनेक बाटल्यांवर तो आकडा एकूण अर्काचा असतो, सीबीडीचा नव्हे. अर्कात मेण, हरितद्रव्य, इतर राळ असं सगळंच येतं. सीबीडी त्याचा एक भाग. दोन कंपन्यांच्या ‘१५००’ची तुलना करायची तर अहवालातला सीबीडीचा आकडाच घ्या.

समजा ३० मिलीत खरोखर १५०० मिलीग्रॅम सीबीडी आहे. मग एक मिलीत ५० मिलीग्रॅम. एक मिलीचे थेंब किती, हे ड्रॉपरवर अवलंबून असतं; वीसही होतात आणि तीसही. मेडिकलमधून सुई नसलेली एक मिलीची सिरिंज आणा, त्यात थेंब मोजून भरा आणि आकडा बाटलीवर चिकटपट्टीनं लिहून ठेवा. २५ थेंब भरले तर एका थेंबात २ मिलीग्रॅम. हे मोजमाप न करता ‘पाच थेंब घ्या’ असं सांगणाऱ्याला मात्रा ठाऊक नसते.

सीबीडीचं ज्या औषधात काटेकोर परीक्षण झालं त्याचा आकडा तुलनेला घ्यावा. अमेरिकेत २०१८ साली मुलांच्या दोन अवघड अपस्मार प्रकारांसाठी, लेनॉक्स-गॅस्टॉट आणि ड्रॅव्हे यांसाठी, एपिडायोलेक्स या औषधाला मान्यता मिळाली. त्यात एका मिलीला १०० मिलीग्रॅम शुद्ध सीबीडी आहे, तेही तिळाच्या तेलात. सुरुवातीची मात्रा वजनाच्या किलोमागे दिवसाला ५ मिलीग्रॅम; पुढे ती १० ते २० पर्यंत नेतात, आणि यकृताच्या तपासण्या चालू ठेवून. ५० किलोच्या रुग्णाला सुरुवातीलाच दिवसाला २५० मिलीग्रॅम लागतात, म्हणजे वरची बाटली सहा दिवसांत संपेल. पाच थेंबांतले १० मिलीग्रॅम आणि हे २५० मिलीग्रॅम यांत किती अंतर आहे ते पाहा. फिट येणाऱ्या मुलाची चालू औषधं बंद करून थेंबांवर ठेवणं हा जिवाशी खेळ आहे. कॅन्सर, मधुमेह, फिट बरे करण्याची जाहिरात करणं १९५४च्या जादूटोणा-सदृश उपायांच्या जाहिरातींवरील कायद्यानंच बंद केलं आहे. अशी जाहिरात दिसली की त्या विक्रेत्याकडून काहीच घेऊ नका.

बियांचं तेल वापरायचं कसं?

हे तेल कच्चंच खायचं. त्याचा धूर लवकर निघतो, साधारण १६५ अंशांच्या आसपास. फोडणीला किंवा तळणाला वापरलं तर कडू होतं आणि त्यातली चांगली स्निग्धाम्लं बिघडतात. ज्वारीच्या भाकरीवर चटणीत कालवून, कोशिंबिरीवर किंवा ताटात वाढलेल्या वरणावर दिवसाला एक-दोन चमचे पुरेत. चव कच्च्या शेंगदाण्यासारखी, थोडी गवताळ. उत्तराखंडात कुमाऊँ-गढवालच्या घरांत भांगेच्या बियांची चटणी पिढ्यान्‌पिढ्या होते; आपल्या जवसाच्या चटणीचीच ती बहीण म्हणा.

जवसाचं नाव निघालंच आहे तर स्पष्ट सांगायला हवं. भांगेच्या बियांच्या तेलात ओमेगा-६ गटातलं लिनोलेइक आम्ल निम्म्याहून थोडं जास्त आणि ओमेगा-३ साधारण १५ ते २० टक्के असतं. करडईच्या तेलात लिनोलेइक आम्ल सुमारे तीन चतुर्थांश, पण ओमेगा-३ जवळजवळ नाही. जवसाच्या तेलात ओमेगा-३ निम्म्याच्या आसपास. म्हणजे ओमेगा-३ हवं म्हणून कुणी हेंपचं महाग तेल घेत असेल, तर लातूर-बीडच्या बाजारातलं जवस त्याला कमी पैशांत जास्त देतं. हेंपच्या तेलाची खासियत म्हणजे ओमेगा-६ आणि ओमेगा-३ यांचं साधारण तीनास एक असं प्रमाण आणि थोडं गॅमा-लिनोलेनिक आम्ल. आवडलं तर जरूर खावं, पण औषध म्हणून नव्हे.

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो आणि हे तेल उष्णतेत लवकर खवट होतं. २५० मिलीपेक्षा मोठी बाटली घेऊ नका, गडद काचेचीच घ्या, उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन-तीन महिन्यांत संपवा. जुन्या रंगासारखा वास आला की टाकून द्या.

लाकडी घाणा चालवणाऱ्यांसाठी

आता गावोगावी लाकडी घाणे पुन्हा सुरू झाले आहेत आणि ‘हेंपचं बी गाळून द्याल का’ अशी विचारणा त्यांच्याकडे येऊ शकते. गाळणं अवघड नाही. बियांत तेल ३० ते ३५ टक्के असतं. १० किलो बियांतून थंड पद्धतीनं अडीच ते तीन किलो तेल आणि सातेक किलो पेंड हाती येते. बियांतला ओलावा ८ ते १० टक्के ठेवा. जास्त ओलं असेल तर पेंड लगदा होते आणि उतारा घटतो. फार कोरडं असेल तर घर्षणानं घाणा तापतो. बाहेर पडणारं तेल ५० अंशांच्या वर जाऊ देऊ नका. स्टीलच्या झाकणबंद भांड्यात काही दिवस निवळू द्या, मग गाळा.

सगळ्यात जपायचं ते बियांच्या सफाईला. बियांबरोबर फुलोऱ्याचा चुरा, वाळकी पानं आली तर त्यांची राळ तेलात उतरते, आणि किलोमागे १० मिलीग्रॅमची मर्यादा इतकी बारीक आहे की थोडा कचराही ती ओलांडायला पुरतो. चाळून, पाखडून, स्वच्छ केलेलंच बी घ्या. बी कुठून आलं याची पावती आणि अहवाल जपून ठेवा. विक्री करायची तर एफएसएसएआयचा परवाना आणि प्रत्येक घाण्याची तपासणी याला पर्याय नाही. कुणी पोत्यात ‘बी’ म्हणून फुलोरा आणून दिला तर घाण्याला हातही लावू देऊ नका.

विजयाचा अर्क घेण्याआधी

आयुर्वेदाचे पदवीधर वैद्य किंवा डॉक्टर यांना चालू औषधांची पूर्ण यादी दाखवा. सीबीडी यकृतातल्या ज्या विकरांवर काम करतं तीच विकरं इतर अनेक औषधं पचवतात. रक्त पातळ करणारं वॉरफेरिन आणि फिटचं क्लोबाझम यांची पातळी त्यामुळे रक्तात वाढते. व्हॅल्प्रोएट या फिटच्याच औषधाबरोबर यकृताला त्रास होऊ शकतो. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी घेऊ नये. हृदयविकार असलेल्यांनी, आणि स्वतःला किंवा घरात कुणाला मनोविकार झाला असेल त्यांनी टीएचसी असलेल्या तेलापासून लांब राहावं. घेतल्यावर गाडी, ट्रॅक्टर, मळणीयंत्र चालवू नये.

नवखे लोक हमखास करतात ती चूक अशी: थेंब घेतात, अर्ध्या तासात काही जाणवत नाही, म्हणून दुप्पट घेतात. पोटातून गेलेल्या तेलाचा परिणाम दिसायला अर्ध्या तासापासून दोन तास लागतात, जेवणानंतर त्याहून उशीर. मग दोन्ही मात्रा एकदम चढतात: छाती धडधडते, भीती वाटते, तोंड कोरडं पडतं, उलट्या होतात. असं झालं तर माणसाला एकटं ठेवू नका. शुद्ध हरपत असेल, छातीत दुखत असेल किंवा लहान मुलानं बाटली तोंडाला लावली असेल तर १०८ ला फोन करा आणि बाटली दवाखान्यात बरोबर न्या. काय घेतलं ते लपवू नका. डॉक्टरला खरं कळलं तरच उपचार नेमका होतो.

कायद्याची रेघ

१९८५च्या अमली पदार्थ कायद्यात गांजा म्हणजे फुलोरा. सोबत फुलोरा नसेल तर बी आणि पान त्यातून वगळले आहेत. चरस म्हणजे वेगळी काढलेली राळ, आणि ‘हशीश ऑइल’ त्यातच येतं. त्यामुळे ओळखीतून आलेलं काळं-तपकिरी दाट ‘कॅनाबिस ऑइल’ कायद्याला चरसच. चरसाची अल्प मात्रा १०० ग्रॅमपर्यंत, व्यावसायिक मात्रा १ किलोपासून पुढे. अल्प मात्रेलाही एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. सर्वोच्च न्यायालयानं २०२०मध्ये हेही स्पष्ट केलं की मिश्रणाचं पूर्ण वजन धरायचं, त्यातला निव्वळ अमली भाग नव्हे. पाव किलो खोबरेलात थोडी राळ विरघळवली तर पाव किलोचा हिशोब होतो.

पानांची भांग केंद्राच्या या व्याख्येत नाही, म्हणून ती महाराष्ट्रात मोकळी आहे असं अनेकांना वाटतं. तसं नाही. १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली विनापरवाना भांग बाळगणं आणि विकणं इथं गुन्हा आहे, महाशिवरात्र असली तरी.

परदेशातून पार्सलनं सीबीडी तेल मागवू नका. तिकडे ते किराणा दुकानात मिळत असलं तरी इथल्या सीमाशुल्क विभागाला तो युक्तिवाद पुरत नाही. नोकरीसाठी आखाती देशांत जाणाऱ्या मुलांनी तर विजयाची परवानाधारक बाटलीही सामानात ठेवू नये. तिथले कायदे फार कडक आहेत. नोकरीच्या लघवी तपासणीत टीएचसीचे अवशेष शोधतात आणि फुल स्पेक्ट्रम तेल नियमित घेणाऱ्याचा निकाल सकारात्मक येऊ शकतो.

लागवडीचा विचार करणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं: धागा आणि बी यांसाठी औद्योगिक लागवडीची तरतूद कायद्याच्या कलम १४ मध्ये आहे, पण ती सरकारच्या सर्वसाधारण किंवा विशेष आदेशानंच वापरता येते. उत्तराखंडनं असे परवाने द्यायला २०१८पासून सुरुवात केली. लेखी परवानगीशिवाय तुरीत किंवा उसात झाड लावलं तर ते हेंप होतं की गांजा हा प्रश्नच उरत नाही. शिक्षा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. ‘बियाणं देतो, माल परत घेतो’ असा करार घेऊन कुणी एजंट गावात आला, तर पैसे देण्याआधी त्याच्याकडून शासनाचा आदेश कागदावर मागा आणि तो जिल्हाधिकारी कार्यालयात दाखवून खात्री करा.

आणि संशयास्पद बाटली आधीच घरात आली असेल तर? ती कुणाला देऊ नका, ‘थोडं घेऊन बघू’ असंही करू नका. बिल, वेष्टन आणि बॅच क्रमांकाचे फोटो काढा, विक्रेत्याकडे लेखी अहवाल मागा. तो टाळाटाळ करू लागला तर जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासन कार्यालयात किंवा १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. बाटलीचं सील फोडू नका. तपासणीला जाणारा नमुना सीलबंद असला तरच त्याला वजन असतं.